वाघ्याने गिळलेला बाठा

पत्र :

डॉक्टर, नमस्कार. आमचं गाव देवरुखजवळ. घरामागे रायवळची दोन जुनी झाडं आहेत, पुढे हापूसची सात-आठ कलमं. यंदा सुट्टीत मुलगा, सून आणि नात पुण्याहून आली, सोबत त्यांचा लॅब्राडोर, ब्रूनो. दुपारची जेवणं झाली की आम्ही खळ्यात आंबे घेऊन बसतो आणि चोखून झालेला बाठा आमच्या वाघ्याला टाकतो. वाघ्याच्या आधी मोती होता, त्याच्या आधी राजा. सगळे बाठे चघळतच मोठे झाले. सून ते बघून ओरडलीच. कुत्र्याला आंबा म्हणजे विष, असं तिने कुठे तरी वाचलंय. नातीने ब्रूनोला हापूसची एक फोड दिली तर तिलाही रागावली, पोर रडून झोपली. माझ्याशी सून दोन दिवस धड बोलली नाही. आमची मनी मांजर तर रसाची वाटी चाटून लख्ख करते, तिला कधी काही झालं नाही. गेल्या रविवारी वाघ्याने रायवळचा अख्खा बाठा गिळला, मी डोळ्यांनी पाहिलं. आज आठवा दिवस, तो ठणठणीत आहे. दोनदा सकाळी पिवळं ओकला तेवढंच, पण कुत्री गवत खाऊन ओकतातच. आता तुम्हीच सांगा, खरं कोणाचं?
— एक आजी

उत्तर :

काकू, सप्रेम नमस्कार.

पत्राखाली तुम्ही फोन नंबर दिला होता म्हणून बरं झालं. ‘दोनदा सकाळी पिवळं ओकला’ हे वाचल्यावर मी पत्र बाजूला ठेवलं आणि तुम्हाला फोन केला. त्या संध्याकाळी आपलं जे बोलणं झालं, ते इथे पुन्हा लिहिते आहे, कारण या दिवसांत वाघ्यासारखी कुत्री घरोघरी आहेत आणि बाठे तर खळ्याखळ्यात पडलेले आहेत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. आंब्याचा गर कुत्र्याला विष नाही. नातीने ब्रूनोला दिलेली फोड अगदी योग्य होती, तिला माझ्याकडून सांगा की तिचं काही चुकलं नाही. आणि बाठ्याबद्दल सून जे ओरडली, त्यात ती शंभर टक्के बरोबर आहे. कारण तिने वेगळं सांगितलं, पण भीती खरी होती. आंब्यातला धोका त्यात काय आहे याचा नाही, तो कुठे अडकतो याचा आहे.

कुत्र्याचं लहान आतडं किती जाड असतं, याची कल्पना यावी म्हणून आपला अंगठा बघा. वाघ्याच्या अंगाच्या कुत्र्याचं आतडं साधारण तेवढंच. जठर मात्र ऐसपैस असतं, त्यात बाठा आरामात मावतो आणि दिवसच्या दिवस पडून राहतो. हाड जठरातल्या आम्लात हळूहळू विरघळतं, बाठ्याचं कवच लाकडासारखं, ते विरघळत नाही. तो तिथे नुसता लोळत असतो आणि मधूनमधून जठराच्या खालच्या तोंडाशी येऊन बसतो. तेवढ्यापुरतं कुत्रं ओकतं, बाठा मागे सरकतो, कुत्रं पुन्हा शेपूट हलवत जेवायला येतं. वाघ्या दोनदा ओकला तो कदाचित गवतामुळेही असेल. पण ज्या कुत्र्याने आठ दिवसांपूर्वी बाठा गिळलाय, त्याच्या बाबतीत मी गवताला दोष देऊन गप्प बसणार नाही.

तुम्ही म्हणता, मोती, राजा सगळे बाठ्यांवर मोठे झाले. खोटं नाही ते. बरीच कुत्री बाठा चघळतात, रेषा ओरबाडून खातात आणि उरलेला टाकून देतात. काही गिळतात आणि उलटून काढतात. एखाद्या मोठ्या कुत्र्याच्या शीतूनही तो निघून जातो. राहिली ती थोडी. पण त्या थोड्यांचं काय होतं ते आपल्याला कळत नाही, कारण बाठा गिळल्यावर दोन-तीन आठवडे काहीच होत नाही, असंही घडतं. मग हंगाम संपतो, मृगाचा पाऊस सुरू होतो, आणि एके दिवशी बाठा जठरातून आतड्यात सरकून घट्ट बसतो. तेव्हा घरात एकही आंबा नसतो. आंब्याची आठवणही कुणाला नसते. कुत्रं ओकायला लागलं की आपण म्हणतो, पावसाचं पाणी बाधलं, कुणी काही घातलं, बेडूक खाल्ला असेल. चार दिवसांत ते मागच्या दारी जाऊन पडतं आणि पोट उघडून बघायला कुणी जात नाही. काकू, आपल्या आठवणीत फक्त वाचलेली कुत्री राहतात. तुमच्या मोतीबद्दल हे खरं असेलच असं नाही. पण ‘आजवर कधी काही झालं नाही’ हे वाक्य मी दवाखान्यात जितक्या वेळा ऐकलंय, त्यातल्या निम्म्या वेळा समोर टेबलावर कुत्रं सलाइन लावून पडलेलं होतं.

एक प्रसंग सांगते. जूनचा दुसरा आठवडा होता. एका बागेतला राखणदार त्याचं कुत्रं पोत्यात गुंडाळून घेऊन आला. माकडं हाकलणारं, हाडापेराने मोठं, तपकिरी कुत्रं. पाच दिवस अन्नाला शिवलं नव्हतं, पाणी प्यायलं की ओकत होतं. मी पोटाला हात लावला तसं ते पाठ कमानीसारखी करून कण्हलं. एक्स-रेवर हाड किंवा नाणं जसं पांढरंफेक दिसतं तशी कोय दिसत नाही. मला नुसतीच फुगलेली आतडी दिसली. सोनोग्राफीत मात्र एक पांढरी कमान आणि तिच्याखाली काळी सावली दिसली. पोट उघडलं. आतड्याचा तेवढा भाग जांभळा पडला होता आणि बाहेरूनच चपट्या दगडासारखं काही तरी हाताला लागत होतं. चीर देऊन बाहेर काढलं तर तो रायवळचा बाठा. त्याच्या रेषा काळ्या, चिकट होऊन आतड्याच्या आतल्या अस्तराला अशा धरून बसल्या होत्या की मला त्या चिमट्याने सोडवाव्या लागल्या. राखणदार बघत उभा होता. तो म्हणाला, “पण आंबे तर महिन्यापूर्वीच उतरले.” कुत्रं वाचलं. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर आतडं फाटलं असतं.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या, कारण ती आपल्या नेहमीच्या अंदाजाच्या उलट आहे. लोकांना वाटतं हापूसचा बाठा मोठा म्हणून तो वाईट, आणि रायवळचा लहान म्हणून चालून जातो. मला रायवळची जास्त भीती वाटते. हापूसचा बाठा मध्यम कुत्र्याला सहजी गिळता येत नाही, तो चघळत बसतो. रायवळचा एका घोटात घशाखाली उतरतो, त्याला रेषाही जास्त, आणि चोखून बुळबुळीत झालेला असतो. ब्रूनोसारख्या लॅब्राडोरचं तर विचारूच नका. ही जात चावत नाही, गिळते. त्याच्यासमोर हापूसचा बाठाही टाकू नका. आणि जे चघळतात तेही सुटतात असं नाही. कवच फुटून त्याचे अणकुचीदार तुकडे होतात, हिरड्यांत घुसतात, कधी दातच फुटतो.

आता कुणाच्या कुत्र्याने डोळ्यांसमोर बाठा गिळला तर काय करायचं? वेळ लक्षात ठेवायची आणि लगेच पशुवैद्यांना फोन करायचा, कुत्रं कितीही आनंदात दिसलं तरी. पहिल्या एक-दोन तासांत त्यांच्या हातात काही उपाय असतात. दुर्बिणीची सोय असेल तिथे तोंडावाटे बाठा काढताही येतो. घरी मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका. हा उपाय अजूनही घरोघरी करतात आणि मला त्याचा फार राग येतो, कारण तेवढ्या मिठाने कुत्र्याच्या मेंदूला इजा होऊ शकते, झटके येतात. शिवाय वर येणारा बाठा अन्ननलिकेत अडकला तर आधीपेक्षा मोठं संकट. एरंडेल, तूप, केळी चारून तो ‘खाली सरकवायचा’ प्रयत्नही नको. सरकून तो नेमका जिथे जायला नको तिथेच जातो.

वेळ निघून गेली असेल तर निदान लक्ष ठेवा. पुन्हा पुन्हा ओकणं, प्यायलेलं पाणीही न ठरणं, जेवणाकडे पाठ फिरवणं, पोट ओढून चालणं, पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर करून राहणं, शी न होणं किंवा थोडी थोडी होणं. ‘शी होतेय म्हणजे वाट मोकळी आहे’ असं समजू नका. अर्धवट अडकलेल्या बाठ्याच्या कडेने पातळ शी येत राहते. वाघ्याबद्दल फोनवर तुम्ही हेच म्हणालात, “होतेय की, पण थोडी थोडी.” म्हणूनच मी तुम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळीच तालुक्याच्या दवाखान्यात जायला सांगितलं.

हे सगळं बाठ्याचं झालं. गराचं म्हणाल तर त्यात भिण्यासारखं काही नाही, प्रमाण मात्र हवं. शंभर ग्रॅम गरात साधारण ६० कॅलरी आणि १४ ग्रॅम साखर असते. कुत्र्याच्या दिवसभराच्या खाण्यात असल्या वरकड खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये. हिशोब करत बसायचं नसेल तर वाघ्याला अंगठ्याच्या पेराएवढ्या तीन-चार फोडी, ब्रूनोला पाच-सहा, आणि तेही रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. पहिल्यांदा देताना एकच द्या आणि दुसऱ्या दिवशी शी कशी होते ते बघा. कुत्रं जाड असेल, मधुमेही असेल किंवा त्याला आधी कधी स्वादुपिंडाचा त्रास झाला असेल तर एकही नको.

साल काढूनच द्यायची. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, हे तुम्हाला मी काय सांगणार. बिब्बा उततो तसा काही जणांना आंब्याचा चीकही उततो, ओठांच्या कडेला फोड येतात. तो चीक देठाशी आणि सालीत असतो. कुत्र्याचं नाक, ओठ, पोटाची उघडी कातडी तशीच नाजूक. शिवाय साल त्याला नीट पचत नाही, आणि बागेत फवारणी झाली असेल तर तीही सालीवरच. घरच्या आढीतला आंबा असेल तर प्रश्न नाही. बाजारातला असेल तर तासभर पाण्यात ठेवून, धुऊन घ्या. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला २०११च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे. तरी चोरून वापरतात, आणि त्या पावडरीत आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असू शकतात. जो आंबा नातीला देणार नाही, तो कुत्र्यालाही देऊ नका.

झाडाखाली पडीचे आंबे कुजत पडलेले असतील तर ते रोज सकाळी उचला. ते आंबतात. पोटभर खाल्ले की कुत्र्याला जुलाब लागतात, कधी ते झिंगल्यासारखं झोकांड्या खात चालतं आणि घरच्यांना वाटतं साप चावला.

रस वेगळा आणि गर वेगळा, हेही लक्षात असू द्या. आपण रसात साखर घालतो, दूध घालतो, वेलची, कधी जायफळ. कुत्र्याला बऱ्याचदा दूध पचत नाही, साखर नको, आणि जायफळ जास्त पोटात गेलं तर बाधतं. लोणचं, मुरांबा, आंबापोळी यांतलं काहीच नको. लोणच्याच्या फोडीत मीठ, तेल, मोहरी आणि काही घरांत लसूणही. लसूण-कांदा कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, थोड्या थोड्या प्रमाणात रोज गेला तरी.

मनीचं कोडं सोपं आहे. मांजराला गोड लागतच नाही. गोड चव ओळखायला जिभेवर जे लागतं, त्याचं जनुक मांजरकुळात निकामी झालेलं आहे, वाघ-चित्त्यातसुद्धा. २००५ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. तर मनी तुमच्या वाटीत आंबा शोधत नाही, रसावर सोडलेलं तूप आणि दूध शोधते. चाटलेल्या वाटीने तिला अपाय होणार नाही, पण उपयोगही शून्य. ती मांसाहारी आहे, तिला मासळीचा तुकडा द्या, काटा काढून.

आणि आता सुनेबद्दल. मला वाटतं तिने जे वाचलं ते द्राक्षांबद्दल असावं आणि वाचता वाचता ‘फळ म्हणजे विष’ एवढंच मनात राहिलं. असं होतं. द्राक्ष खरंच विष आहे कुत्र्याला. मनुका, बेदाणेही. काही कुत्र्यांची मूत्रपिंडं थोड्याशा द्राक्षांनी दोन-तीन दिवसांत बंद पडतात, काहींना त्याच द्राक्षांनी काही होत नाही. कुणाला किती चालतील हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकही द्यायचं नाही. बरीच वर्षं कारण सापडत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षांत ते भरपूर असतं, आणि अगदी तसाच मूत्रपिंडाचा त्रास चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही त्यांना दिसला होता. चिंचेतही तेच आम्ल. तुम्ही वर्षाची चिंच फोडायला बसता तेव्हा वाघ्या शेजारी बसून तोंड घालत असेल तर त्याला उठवा.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण आपल्याकडे कुत्र्याला द्राक्षं कुणी वाडग्यात घालून देत नाही, पण सत्यनारायणाचा शिरा देतो. त्यात बेदाणे असतात. खिरीत असतात, लाडवात असतात. प्रसाद नाही कसा म्हणायचा, म्हणून प्रेमाने भरवतो. बेदाणे घालण्याआधीचा, तोही अगदी चिमूटभर शिरा काढून ठेवा. कुत्र्याने बेदाणे खाल्लेच तर ओकायची, सुस्तावायची वाट बघू नका, तेव्हाच फोन करा. मूत्रपिंडं एकदा बंद पडली की आमच्या हातात फार थोडं उरतं.

गाव, खळं आणि रायवळ म्हटल्यावर तुमच्याकडे किंवा शेजारी गोठाही असेल. गाय-बैलाच्या घशात बाठा अडकला तर ते आणखी घाईचं काम. गुराला सतत ढेकर द्यावी लागते, वाट बंद झाली की पोटात वायू साठून डावी कूस ढोलासारखी फुगते आणि जनावर तासा-दोन तासांत दगावू शकतं. लाळ गळतेय, मान ताणून उभं आहे, कूस फुगतेय असं दिसलं तर पशुधनासाठीच्या १९६२ या क्रमांकावर लगेच फोन करा. घशात काठी घालून बाठा आत ढकलायला कुणालाही देऊ नका.

तुम्ही विचारलंत, खरं कोणाचं. मला विचाराल तर सुनेला जवळ बसवून हे पत्र वाचून दाखवा. तिने एक गोष्ट चुकीची सांगितली, आणि तुमच्या कुत्र्याचा जीव तिच्या ओरडण्यामुळेच कदाचित वाचेल, कारण ती ओरडली नसती तर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं आणि त्या पिवळ्या ओकारीचा उल्लेखही कुणाजवळ केला नसता. तिला हे तुमच्या तोंडून ऐकू द्या. नातीला एक काम द्या. आंबे खायला बसलात की मध्ये झाकणाची एक बादली ठेवायची आणि कोयी मोजून त्यात टाकायच्या. जितके आंबे तितक्या कोयी, कमी भरली तर शोधायची. लहान मुलं असले हिशोब मोठ्यांपेक्षा चोख ठेवतात. मग दोन्ही कुत्र्यांना तिच्याच हाताने एकेक फोड, साल काढून. संध्याकाळी त्या कोयी कुंपणाबाहेर खोल खड्ड्यात पुरा. उकिरड्यावर टाकल्या तर वाघ्या रात्री जाऊन उकरणारच.

काल तुमचा पुन्हा फोन आला, तालुक्याच्या डॉक्टरांना पोटात काही तरी कडक लागतंय आणि त्यांनी सोनोग्राफीला पुढे पाठवलंय. बरं केलं त्यांनी. वाघ्या अजून तरतरीत आहे आणि बाठा बहुधा अजून जठरात आहे. या दोन गोष्टी खऱ्या असतील तर आपण वेळेत आहोत. ऑपरेशन करावं लागलं तर घाबरू नका, जठरातून बाठा काढणं हे आतड्यातून काढण्यापेक्षा पुष्कळ सोपं असतं. सोनोग्राफीच्या आधी बारा तास पोटात अन्न नको, तिथे विचाराल तेही तेच सांगतील. मुलाला सोबत घेऊन जा, एकट्या एसटीने जाऊ नका. रिपोर्ट हातात आला की, कितीही वाजलेले असोत, मला फोन करा.